लावणीच्या महिन्यांचं भाडं

"आधी दोन महिन्यांचं भाडं, मग चावी!" निवृत्तीअण्णा ओट्यावरून हलायला तयार नव्हते. समोर अंगणात त्यांचा भाडेकरू काशिनाथ, त्याची बायको आणि तांदळाचं गाठोडं. कंपनीचा गेटपास खोलीत अडकलेला. दुपारच्या शिफ्टला हजर झाला नाही, तर कॉन्ट्रॅक्टर दुसरा माणूस घेणार होता.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. मी वकील, तीही अण्णांची. अंबडच्या कारखान्यांजवळच्या त्यांच्या खोल्यांचे भाडेकरार मीच करायची. "नोटीस काढायचीय, लगेच या," असा फोन आला म्हणून स्कूटर काढून गेले.

काशिनाथ सुरगाण्याकडचा, कंपनीत हेल्पर. भातलावणीला तो दरवर्षी बायकोला घेऊन गावी जायचा. यंदा निघताना त्याने चावी अण्णांच्या हातात ठेवली आणि खोली परत केली असं धरून चालला.

"आमी राहलोच नाय, तं भाडं कशाचं?" तो म्हणाला.

"आन् आत भांडी कोणाची? माझी?" अण्णा गरजले.

कोर्टात याला कब्जा म्हणतात, म्हणजे जागा खरोखर कोणाच्या ताब्यात आहे. सामान आत असेल तर खोली सोडली असं होत नाही, भाडं लागतंच. पण त्यासाठी चावी अडवून माणसाला बाहेर ठेवता येत नाही. थोडक्यात, दोघंही अर्धे बरोबर होते. असे लोक वकिलाच्या डोक्याला ताप असतात.

"अण्णा, चावी द्या. नाहीतर नोटीस तुम्हालाच येईल."

"तुम्ही वकील माझ्या का त्याच्या?"

"तुमची आहे म्हणूनच सांगतेय."

अण्णांनी माझा राग काशिनाथवर काढला. "एवढं काय सोनं पिकतं रे तिकडं? भाऊ नाय का तुला लावणीला?"

"हायेत ना. पर चिखलात पाय घातल्याबिगर मना करमत नाय, अण्णा."

अण्णांनी रस्त्यापलीकडच्या गोडाऊनकडे पाहिलं. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली होती. त्याच पैशांतून या खोल्या उभ्या राहिल्या, एवढं मला माहीत होतं.

"माझी विहीर त्या गोडाऊनखाली हाय," ते हळूच म्हणाले. "रोज सकाळी गेटापर्यंत जाऊन येतो. वॉचमन आत सोडत नाय."

मी उगाच फाईल चाळत बसले.

अण्णांनी बंडीच्या खिशातून चावी काढली. "लावणीचं अर्धं भाडं दे. आन् पुढच्या वर्षी मला संगं न्यायचं."

"लय चिखल असतो, अण्णा."

"चिखल मला शिकवतो का?"

काशिनाथ पास घेऊन सायकलवर पळाला आणि शिफ्टला पोचला. अर्ध्या भाड्याची अट मी करारात घातली. दुसरी घातली नाही, कारण ती मोडली तर कुठलं कोर्ट काय करणार? माझी नोटिशीची फी मात्र बुडाली. तेव्हापासून भाड्याचा वाद आला की मी पावत्या नंतर बघते. आधी घरमालकाला विचारते, तुम्ही पूर्वी काय करत होता?

पुढच्या वर्षी अण्णा खरंच जीपने सुरगाण्याला गेले. दोन दिवसांसाठी गेलेला माणूस पंधरा दिवसांनी परतला. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, चिखलात राहून कातडी सोलवटलेली. त्या दाखवायला ते मुद्दाम माझ्या ऑफिसात आले, खुर्चीत बसून चप्पल काढली.

"सूनबाईनं मलम आणलंय," म्हणाले. "पण मी लावू देत नाय. राहू द्या थोडे दिवस."