कोरडं बोट

धुळ्याच्या कापूस प्रयोगशाळेत झुंबरबाई लागली ती झाडलोटीला. सत्त्याऐंशी साली तिथल्या मदतनिसाची बदली झाली आणि तंत्रज्ञ शालिग्राम यांनी सहज तिला काळ्या मखमलीवरचा कापसाचा एक तंतू उचलून दाखवायला सांगितलं. तिनं बोट जिभेला लावलं, हळूच टेकवलं. केसाच्या चौथाईएवढा तो बारीक तंतू अलगद वर आला. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची तिची झाली. तीस वर्षं कपाशी वेचलेल्या बाईला कामावर मिळालेली ही पहिली खुर्ची.

तंतूची दोन टोकं दोन इवल्याशा पकडींत अडकवायची, एवढंच तिचं काम. मग शालिग्राम ताण मोजायच्या काट्याची नाजूक साखळी हळूहळू सोडत. ताण वाढत जाई आणि तंतू तुटे. कधी चार ग्रॅमवर, कधी पाचावर. प्रत्येक वेळी झुंबरबाई पुटपुटे, "गया बिचारा!"

एप्रिलमध्ये जळगावच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. एकाच गाठीतला कापूस दोन्हीकडे तपासला होता. तिथली सरासरी चार पूर्णांक चार ग्रॅम, धुळ्याची पाच पूर्णांक एक. तंतू कोण निवडतं याची खात्री करावी, असंही लिहिलं होतं.

शालिग्राम अवघडून म्हणाले, "अक्का, दणकट दिसतात तेच उचलता का हो?"

"डोया मिटीसन उचलस भाऊ."

"मिटल्यावर दिसतं कसं?"

"तेच तं! दिखत नही, तं निवडू कशी?"

शालिग्राम हसले, पण लगेच गंभीर झाले. "सोमवारी ठरवू. कारण सापडलं नाही तर तुमच्या जागी आपल्या शिपायाला, तोतारामला बसवावं लागेल."

रविवारी संध्याकाळी झुंबरबाई देवासाठी वाती वळायला बसली. कापूस घेतला, बोट जिभेला लावलं, वळलं. मन मात्र खुर्चीपाशी होतं. चाळा म्हणून तिनं कोरडा पेळू ओढला, तो लगेच सुटला. ओली वात ओढली, ती सुटेना. पुन्हा ओढली. आणि तिचा हात थांबला.

तंतू उचलताना ती हेच तर करत होती! सांगितलं तर खोट आपल्याच हातात आहे हे उघडं होणार, खुर्ची जाणारच. न सांगितलं तर शालिग्रामभाऊंच्या वहीत खोटा आकडा राहणार.

सोमवारी ती खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "भाऊ, आकडा मन्ही थुकीमुये वाढना."

शालिग्राम चमकले. कापूस ओला झाला की जास्त ताण सोसतो, हे ते पुस्तकात शिकले होते. समोरचं बोट मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दहा तंतू चिमट्यानं उचलून कोरडेच तोडले, दहा तिच्या ओल्या बोटानं उचलून. पहिल्या दहांची सरासरी चार पूर्णांक चार, दुसऱ्यांची पाच पूर्णांक एक.

त्यांनी वहीची पानं आडव्या रेघेनं खोडली. झुंबरबाईनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"कुठं निघालात अक्का? तीनशे तंतू पुन्हा करायचे आहेत."

"मी? आनि बोट परत जिभेले गयं तं?"

"त्याचा बंदोबस्त तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी ती बोटाला कडुनिंबाचा पाला चोळलेली चिंधी बांधून आली. लेकराचं बोट चोखणं सोडवताना आया बांधतात तशी. चिमटा डाव्या हातात; खुर्चीवर मात्र बसली नाही, उभ्यानंच कामाला लागली. त्या दिवशी नऊच तंतू पकडींत बसले. दुपारी सवयीनं चिंधी जिभेला गेली आणि तिचं तोंड असं काही वाकडं झालं की तोतारामला हसू आवरेना.

"हास, हास! तुले बी चाखाडू का?" ती म्हणाली.

महिनाभरानं तीनशे तंतू पुरे झाले. शालिग्रामांनी बेरीज केली, भागाकार केला आणि वही तिच्याकडे फिरवली. तिला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. चार, टिंब, चार.

"आते ही चिंधी सोडू का, भाऊ?"

"आधी बसा तर खरं," शालिग्राम म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची स्वतः पुढे सरकवली.