हौसाबायची उजवी कूस

गडबच्या खाडीकाठी पाण्यातलं कुणाला कळतं, असं विचारलं तर पोरंसोरंही जनूचं नाव घ्यायची. मिठागरात त्याची तीस वर्षं गेलेली. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कधी उचलायची, कधी पाडायची, कुठल्या वाफ्यात किती पाणी सोडायचं, हे त्याला नुसत्या नजरेने कळे. या शहाणपणाचा त्याला ताठाही होता, आणि तोच नडला.

बहात्तर साल होतं. थोरली बहीण हौसा, जिने आईच्या मागे त्याला वाढवलं, तिला न्यूमोनिया झाला. डावं फुप्फुस कफाने भरलं. पेणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, "उजव्या कुशीवरच ठेवा." नर्स कृष्णाबाईंनी तिला तशी निजवली आणि त्या दुसऱ्या रोग्याकडे गेल्या.

जनूला काही ते पटेना. वरच्या वाफ्यात गढूळ पाणी शिरलं की ते खालच्या वाफ्यात उतरतं आणि तयार मीठ नासतं. मग भरलेली डावी बाजू वर ठेवायची, म्हणजे बरी बाजू आपल्याच हाताने बुडवायची की! शिकलेल्या माणसांना पाण्यातलं काय कळतंय? त्याने हौसाला हळूच डाव्या कुशीवर वळवली, पाठीला घोंगडी लावली आणि समाधानाने बसून राहिला.

तासाभरात तिचे ओठ निळे पडले. जनू ओरडतच बाहेर धावला. कृष्णाबाई आल्या, त्यांनी तिला पुन्हा उजव्या कुशीवर घेतली, ऑक्सिजन लावला. दुपार कलता कलता ओठांवर रंग आला.

"कुणी वळवली होती?" डॉक्टरांनी विचारलं. जनूने मान खाली घातली.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "रक्त खालच्या बाजूला जास्त उतरतं. तिथे हवा असेल तरच त्याचा उपयोग. भरलेल्या भागात हवा नाही हे फुप्फुसाला कळतं. तिथल्या रक्ताच्या नळ्या ते आपणहून आवळतं आणि रक्त हवेकडे वळवतं. पण सगळं रक्त काही अडत नाही. तू तीच बाजू खाली केलीस. रक्त तिकडे गेलं आणि हवा न घेताच परतलं."

म्हणजे उघाडीच की! ज्या वाफ्यात मीठ धरत नाही त्याची फळी पाडायची आणि पाणी चांगल्या वाफ्याकडे वळवायचं, हे तर तो रोज करत आला होता. हौसाच्या छातीला जे आपसूक कळत होतं, ते या पाण्यातल्या शहाण्याला कळलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

हौसा बरी होऊन घरी आली. येईल त्याला सांगू लागली, "जनू व्हता म्हणून वाचले." तिने असं म्हटलं की जनू उठून बाहेर जाई. त्याला घास गोड लागेना. शेवटी एका सकाळी तो तिच्यापुढे बसला.

"बाय, तुला मीच फिरवली व्हती. मारतच व्हतो मी तुला."

हौसा सुकट निवडत होती. "माहीत हाय मला," ती म्हणाली. "त्या कुशीवर जीव घुसमटत व्हता माझा."

"मग बोलली का नाय गो?"

"तू किती मायेनं घोंगडी लावलीस. म्हटलं, पाण्यातलं जनूलाच कळतं."