शेवळं, काकडांशिवाय

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या सर्व सज्ञान स्त्री-पुरुषांस, तसेच डोंगरकपारीत राहणाऱ्या राक्षस, वेताळ व तत्सम मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक, वय बावन्न, मुरबाडच्या एका कचेरीतला बढती चुकलेला कारकून, हा गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी अधिकृत दवंडीवाला असतो. त्याच्या गळ्यात डफ असतो. तो डफ कुणाला दिसत नाही, एवढीच काय ती उणीव.

खेळ माझ्या भाचीचा. टेबलाभोवती बसायचं, एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस तोंडांचा फासा ठरवतो. सुरुवातीला पेशा निवडावा लागतो. पुस्तकात पेशे ठरलेले आहेत: योद्धा, जादूगार, चोर, वैद्य. मी म्हटलं, मला यातलं काही नको. घरात आणि कचेरीत माझं आजवर कुणी ऐकून घेतलेलं नाही, तेव्हा मला दवंडीवाला कर. भाचीने पेन्सिल चावत विचार केला आणि वहीत लिहिलं की दवंडीवाल्याने डफ वाजवला की ऐकणाऱ्या प्रत्येकाने, मग तो अजगर का असेना, वाक्य पुरं होईपर्यंत जागचं हलायचं नाही. तेव्हापासून माझी वाक्यं फार लांब झाली.

तिसरा माझा मित्र. त्याची अख्खी नोकरी भातसानगरच्या वसाहतीत झाली, धरणाच्या दरवाजांवर. तो खेळात दरवाजेवाला झाला. कुठलंही अडलेलं पाणी त्याला सोडता येतं. पण भोंगा तीनदा वाजवल्याशिवाय तो पाणी सोडत नाही. एकदा लुटारूंची अख्खी फौज कोरड्या नदीत उभी होती. याने पहिला भोंगा दिला, थांबला, दुसरा दिला, थांबला. फौज सावकाश काठावर चढून बसली आणि मग पाणी आलं. आम्ही सपाटून हरलो. त्याला काडीचं वाईट वाटलं नाही. खाली कोण असेल सांगता येत नाही, एवढंच तो म्हणाला.

आमचा अड्डा खर्डीच्या पुढच्या एका पाड्यावर, माझ्या थोरल्या बहिणीच्या ओटीवर. समोर भातखाचरं, त्यापलीकडे रान, रानापलीकडे माहुलीचे सुळके. ढग खाली उतरले की सुळके आधी कमरेपर्यंत जातात, मग गळ्यापर्यंत, आणि मग तिथे कधी काही होतं की नाही याची खात्री राहत नाही. अशा वेळी भाची हळू आवाजात गोष्ट सांगू लागली की मला मुरबाडहून इथवर आणणारी जीपसुद्धा कुणीतरी सांगितलेली वाटते.

त्या आषाढातल्या रविवारी मात्र भाचीचा आवाज कापत होता. पुण्याच्या एका लहानशा कंपनीने तिला बोलावलं होतं. ते लोक असेच खेळ तयार करतात आणि तिने लिहून धाडलेले दवंडीवाला आणि दरवाजेवाला हे पेशे त्यांना भारी आवडले होते. ताईने ते ऐकून ताट बाजूला सारलं होतं. मुंबईची चांगली नोकरी, लोकलचा पास, रोज संध्याकाळी पोरगी घरी, हे सगळं टाकून खेळायला जायचं? शेवटी ताई म्हणाली, एक दिवस बसते, डोळ्यांनी बघते, मग सांगते. भाची चोवीस वर्षांची आहे, तिला कुणी बांधून ठेवलेलं नाही. पण आईच्या तोंडून हो आलं नसतं, तर ती अर्धीच पुण्याला गेली असती.

ताई हात पुसत टेबलाशी बसली. योद्धा? कोयता आहे, पण माणसांवर चालवायला नाही, म्हणाली. जादूगार तिला ऐकवेना. मग तू काय करशील, असं भाचीने विचारलं, तर म्हणे मी शहापूरच्या बाजारात भाजी विकते, तेच करीन. भाचीने वहीत लिहिलं, 'रानभाजीवाली'.

गोष्टीतल्या राक्षसाने दरीतलं सगळं धुकं गुंडाळून गुहेत नेलं होतं. धुक्यावाचून रान उघडं पडलं होतं आणि झाडांना झोप येत नव्हती. तो मंत्र म्हणाला की समोरच्याचा दगड होई. आम्ही गुहेशी पोचलो. दरवाजेवाल्याने भोंगा दिला, त्यामुळे राक्षस जागा झाला. मी डफ वाजवून अडीच मिनिटांचं एकच वाक्य बोललो आणि दम संपला. दोघांचेही दगड झाले. दगडांना चहा पिता येतो का, असं मी विचारलं. भाचीने परवानगी दिली.

उरली ताई. राक्षसाने, म्हणजे भाचीने घोगऱ्या आवाजात, विचारलं की पाटीत काय आहे. ताई म्हणाली, शेवळं. राक्षस म्हणाला, दे.

ताईचा हात तिथेच थांबला. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडाशी रानात उगवणारे कोंब. त्यांची भाजी काकडं घालून करतात, ती लहान हिरवी आंबट फळं. ती नसली तर घशात अशी खाज सुटते की माणूस बोलायचा थांबतो. म्हणून ताई शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं देतेच. शहरातलं कुणी नको म्हणालं तर ती जुडी परत घेते. तीस वर्षांत तिने हा नेम मोडलेला नाही. पोरीलाही हे ठाऊक होतं. राक्षसाला नव्हतं.

"त्याला पोरंबाळं हायत का?" ताईने विचारलं.

नाहीत, भाची म्हणाली.

"मरायचा तर नाय?"

नाही मरणार.

ताईने तोंड फिरवलं, काकडं पदरात बांधल्यासारखी गाठ मारली आणि नुसती शेवळं पुढे केली. ओशाळलेली होती. फासा पडला, सतरा, म्हणजे जमलं.

राक्षसाने मंत्राचा पहिला शब्द उच्चारला आणि तो खोकला. दुसरा शब्द घशातच राहिला. भाचीने गळा धरला, डोळे वटारले, जीभ बाहेर काढली. नाटकाचा गुण तिने माझ्याकडून घेतला आहे. आम्ही दोन दगड हसून लोळत होतो. ताई हसत नव्हती. ती उठून आत गेली आणि खरोखरचं आमसुलाचं पाणी खरोखरच्या पेल्यात घेऊन आली. पेला पोरीच्या नाकासमोर धरला, पण हातात दिला नाही. आधी धुकं सोड म्हणाली. राक्षसाने मान हलवली, गुहेचं तोंड उघडलं. मग तिने पेला दिला आणि भाचीने तो एका घोटात रिकामा केला, जणू घसा खरंच खाजत होता.

खाचरांवरून पांढरं काहीतरी सरकत अंगणापर्यंत आलं. पायरी दिसेना.

भाचीने वही उघडली आणि लिहायला लागली. काय लिहितेस, ताईने विचारलं. हा पेशा आता असा लिहायचा, भाची म्हणाली, की ज्याने जन्मात शेवळं पाहिली नाहीत त्यालाही तो खेळता यावा. ताई वहीवर वाकली. काकडांशिवाय विकायची नाहीत, हे पहिलं लिही म्हणाली. मोडायचा तर नेम आधी सांगायला हवा. भाचीने वरची ओळ खोडून तसं लिहिलं. पुण्यातही दिवसभर हेच करायचं का, ताईने विचारलं. हेच, भाची म्हणाली, आणि पेन्सिल खाली ठेवून आईकडे बघत राहिली.

ताई धुक्याकडे बघत होती. मला दवंडी देण्याची फार इच्छा झाली, पण एकही वाक्य सुचलं नाही. मग ताई, कुणी काही विचारलेलं नसताना, एकदम म्हणाली,

"पन खोलीत येकटी नाय ऱ्हायचं, कुनीतरी संगं बघ, आन् आतून कडी लाव गो."