वांग्याची छत्री

घरमालकीण काकूंनी आज माझ्या वांग्याच्या कुंडीवर छत्री बांधली.

"अरे मेल्या, आधीच बुडतंय ते. त्यात तू आणखी पाणी ओततोस?"

चूक माझीच. बी आईनं दिलेलं, आमच्या दुष्काळी जतकडचं. तिकडं हातसुद्धा वांग्याच्या आळ्यात धुतात. पाणी वाया घालवलेलं कुणाला बघवत नाही. शिकायला रत्नागिरीत आलो, तरी भर पावसात मी जेवणाचा डबा कुंडीतच विसळत होतो. पाच रोपांतलं हे एकच उरलंय, आणि आईला ते कसं सांगावं कळत नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर तिनंच पाहिलं.

"वांग्याला छत्री, आन् तू भिजतुयास व्हय रं?" ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आता पानी दिऊ नगंस. एवढं पानी बघून बुजलंय ते."

पहिल्या वर्षी वर्गात मीही असाच बुजलो होतो बहुतेक. सगळं एकदम अंगावर आलं होतं.

जेवण झाल्यावर तांब्यात घोटभर पाणी उरलं. फेकवेना. सवयीनं कुंडीपाशी गेलो, छत्रीखाली वाकलो, रोपाकडं थोडा वेळ पाहिलं, आणि ते पाणी मीच पिऊन टाकलं.