हुलग्याचे शेंगोळे आणि बुधवारचा उपास

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग मोजून पास-नापास करण्याचं काम मी सत्तावीस वर्षं करतो आहे. केसभर फरक असला तरी माल परत. ही सवय मी घरी आणली, आणि पुढे देवासमोरही नेली.

झालं असं की आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकसाहेबांनी आठ गुरुवार एक वर्ग घेतला. पहिल्या शतकातले ख्रिस्ती लोक कसे जगत, हा विषय. दोन पानांची झेरॉक्स सगळ्यांना वाटली. ते लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत. दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना म्हणत. आणि कुणाचं कुणाशी भांडण असेल, तर समेट होईपर्यंत त्याने प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटून खायच्या, भाकरीला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी झेरॉक्स पवित्र शास्त्रात घालून ठेवली. मी वहीत रकाने आखले.

आमच्याकडे प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी. भाकर म्हणून वाटायचा पाव कापायचं काम माझ्याकडे आहे. एका स्लाइसचे सोळा तुकडे, सगळे सारखे.

उपासाच्या चौथ्या की पाचव्या बुधवारी दादा आला. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, बस चालवून निवृत्त झालेला, कांदिवलीला राहायचा. आरेच्या रस्त्याने दोन बस बदलून आला होता. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. आत हुलग्याचे शेंगोळे, नगरकडे आई करायची तसेच, लसणाच्या पातळ रश्श्यात. पहाटे उठून स्वतः वळले होते.

"दादा, आज बुधवार. मी सहापर्यंत काही खात नाही."

"अरे, गरम आहेत तोवर चार खा. देव काय घड्याळ लावून बसलाय का?"

"तुला शिस्त म्हणजे काय ते कळायचंच नाही. तुझी भक्ती पोटात सुरू होते आणि पोटातच संपते."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. दादाने फडक्याची गाठ परत बांधली.

"बरं बाबा, संत माणसा," म्हणाला, आणि पाणीही न पिता गेला.

पुढच्या पहिल्या रविवारी पावाचे तुकडे मोजले तेव्हा मी स्वतःचा एक कमी केला. नियमच होता तसा. थाळी माझ्यासमोर आली, मी मान खाली घालून ती शेजारच्याला दिली. घरी येऊन वहीत नोंद केली. वाटलं, आपण खरं वागलो.

असे अकरा रविवार गेले. पुढच्या महिन्याआधी दादाकडे जाऊन येऊ, असं दर वेळी ठरवत होतो. पण थाळी पुढे सरकवताना जे वाईट वाटायचं तेच प्रायश्चित्त, असं मी हळूहळू धरून चाललो. बायको एकदा चिडून म्हणाली, "भाकर सोडायला तुला जमतं. कांदिवलीची बस तेवढी पकडवत नाही." मी तिच्याशीही दोन दिवस कमी बोललो.

मग वहिनीचा फोन आला. दादाच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस सोसेना म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. शुक्रवार होता.

दादा उशाला टेकून बसला होता. पाय सुजलेले, चेहरा मातकट. मी खुर्ची जवळ ओढली आणि वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं, "दादा, त्या दिवशी बोललो त्याची माफी मागतो."

"कुठल्या दिवशी?"

मी सगळं सांगितलं. शेंगोळे, माझं बोलणं, अकरा रविवार.

"अकरा वेळा नाही घेतलीस भाकर? माझ्यामुळे?" त्याला हसू आलं, मग ठसका लागला. "अरे वेड्या, मी दर महिन्याला घेतली. तुझ्याशी भांडण असतं तर घेतली असती का?"

वहिनीने मला ताट केलं. दादाला त्यातलं काही चालत नव्हतं. तो म्हणाला, "माझ्यासमोर जेव. बघू दे."

मी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता.

"आज शुक्रवार, दादा," मी म्हणालो. "परवा पहिला रविवार आहे. वर्षाने भाकर घेतो आणि तडक इकडे येतो. मग तुझ्यासमोर जेवतो."

वहिनी ताट घेऊन आत गेली. दादाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "ये," म्हणाला. "शेंगोळे करायला लावतो."

शनिवारी दुपारी तो गेला.

रविवारी पाव दुसऱ्या कुणी तरी कापला. मी दफनभूमीत होतो. दादाच्या घरी परतलो तेव्हा शेजाऱ्यांनी डाळ-भात आणला होता, पण वहिनी उठून ओट्याशी गेली. तिथे हुलग्याचं पीठ चाळून झाकून ठेवलेलं, शेजारी वाटीत सोललेला लसूण.

"काल सकाळी अंथरुणात बसून सोलला त्यांनी," ती म्हणाली. "हात थरथरत होते. मला करू देईनात."

मी पाकळ्या मोजल्या. अठरा होत्या. काहींवर साल तशीच राहिली होती. माझ्या टेबलावर आल्या असत्या तर नापास झाल्या असत्या. ती सालं मी नखाने काढू लागलो, आणि मग थांबलो. तशाच दिल्या.

तिने शेंगोळे वळले. ताट माझ्यासमोर ठेवलं. मी नुसता बघत बसलो.

"खा भावजी," वहिनी म्हणाली. "आज रविवार आहे."