धुऱ्यावरचे खांब

“त्या मास्तरले सोताले काहीच येत नाई वं. सारं पोट्ट्यायलेच इचारते.”

“मंग पोट्ट्यायलेच मास्तर करा म्हना!”

राळेगावहून सुटलेल्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोन बाया खुदखुदत होत्या. माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. त्या जिथे उतरल्या तिथेच मी उतरले, आणि तासाभरात कळलं की ते मास्तर म्हणजे माझ्या पलीकडच्या वर्गाचे सर. आज मला कुणी विचारलं तर मी सांगेन, ‘मला माहीत नाही’ हे वाक्य इतक्या आनंदाने म्हणणारा माणूस सबंध यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. सगळं येत असूनही काही येत नाही असं दिवसभर वागायला जी अक्कल आणि जो संयम लागतो, तो मी तरी आणखी कुणात पाहिलेला नाही.

माझी चौथी, त्यांची पाचवी. मधली भिंत छतापर्यंत पोचत नाही. डोक्यावर हातभर चढवून कुणीतरी ती तशीच सोडून दिली आहे. त्यामुळे सर दिवसभर माझ्या वर्गात असत, फक्त दिसत नसत. त्यांच्या चपला फरशीवर घासत फिरायच्या, बाकं ओढली जायची, चौघाचौघांच्या गटांतली भांडणं भिंतीवरून अलीकडे यायची आणि दर दोन मिनिटांनी सरांचा आवाज: “मले काय माहीत? तिले इचार!” मी फळ्यावर इंग्रजी वाक्यं लिहीत असे, माझी मुलं ती निमूट उतरवून घेत, आणि माझ्यासकट सगळ्यांचे कान पलीकडे असत.

सर एका जागी उभे राहिलेले मी क्वचितच पाहिले. बसणं तर दूरच, कारण त्यांना खुर्चीच नव्हती. म्हणजे होती, पण ती डुगडुगायची. दुसऱ्या कुणी पायाखाली कागदाची घडी सरकवली असती. सरांनी मुलांना प्रश्न घातला: दोष खुर्चीचा की फरशीचा? त्या प्रश्नापायी ती खुर्ची गावभर फिरली. ग्रामपंचायतीच्या पायरीवर डुगडुगली, पिठाच्या गिरणीत डुगडुगली, आणि शाळा समितीच्या अध्यक्षांच्या ओसरीवर मात्र दगडासारखी घट्ट बसली. अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आई तिच्यावर टेकल्या, “बरी हाय बाप्पा,” म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. मुलं धावत परत आली. उत्तर मिळालं होतं, खुर्ची गेली होती. सर इतके खूश, की ती परत मागायचं त्यांना सुचलंच नाही. त्यानंतर त्यांची पिशवी खिडकीच्या गजाला आणि सर स्वतः वर्गभर.

ही खोड वर्गापुरती असती तर एक वेळ चाललं असतं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांना घाबरत विचारलं, “सर, राळेगावची परतीची गाडी किती वाजता असते?” एवढं एक वाक्य बोलायला मी दुपारपासून जमवाजमव करत होते. सरांनी टाळी वाजवून चार मुलं गोळा केली. “म्याडमले गाडी पाह्यजे. काढा शोधून.” एक म्हणाला पाचची. दुसरी म्हणाली, बाजाराच्या दिवशी पाचची गाडी साडेपाचले येते. तिसऱ्याने आज बाजार आहे का, हा मुद्दा काढला. चौथीने गाडी कोणता ड्रायव्हर आणतो यावर ते अवलंबून आहे हे दाखवून दिलं, आणि मग चौघं मिळून ड्रायव्हरांची यादी करायला बसले. यादी छान झाली. ती पूर्ण होत असतानाच फाट्यावरून गाडी निघून गेल्याचा आवाज आला. “म्हंजे पाचचीच व्हती,” पहिला म्हणाला. सरांनी त्याची पाठ थोपटली आणि मला मोटारसायकलवर राळेगावला सोडलं. वाटेत ते समोर बघत सारखे विचारत होते, “पन ड्रायव्हरचा मुद्दा भारी होता ना?” मी मानेनेच हो म्हणत होते. पाठीमागची मान त्यांना दिसत नाही हे बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं.

खिचडीचंही तसंच. मधल्या सुट्टीत रांग इतकी लांब व्हायची, की शेवटच्या मुलाचं ताट भरेपर्यंत घंटा वाजायची. सरांनी तो प्रश्न पाचवीला दिला. तीन दिवस मापं घेणं, नकाशे काढणं आणि वाद घालणं चाललं. पहिल्या दिवशी दोन रांगा एकमेकींत शिरल्या, दुसऱ्या दिवशी खिचडी गार झाली. तिसऱ्या दिवशी खिचडी वाढणाऱ्या मावशी पळी घेऊन थेट वर्गाच्या दारात आल्या. “सर, तुमच्या गनितापायी लेकरं उपाशी मारता काय?” सर शांतपणे म्हणाले, “तुमीच सांगा मावशी, कसं करावं?” मावशींना असं कुणी विचारलं नसावं. त्या पळीसकट एका गटात बसल्या. शेवटी पातेलं भिंतीजवळून उचलून अंगणाच्या मध्यात आलं, आणि मुलं चारी बाजूंनी येऊ लागली. आता तो शोध आपलाच आहे असं मावशी सांगतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

माझं शिक्षण यवतमाळच्या एका इंग्रजी शाळेत झालं. तिथे बाकं जमिनीला ठोकलेली होती. पेपरात शेजारणीला दिसू नये म्हणून आम्ही कंपासपेटी उघडून मध्ये उभी करत असू. मला उत्तरं यायची, पण नक्की बरोबर आहे अशी खात्री झाल्याशिवाय हात वर करायचा नाही, हा माझा नियम होता. खात्री होईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी उत्तर देऊन टाकलेलं असे. त्यामुळे पलीकडच्या वर्गातली पोरं धडधडीत चुकीची उत्तरं इतक्या मोठ्याने कशी देतात, याचं मला आधी नवल वाटे, मग राग येई, आणि नंतर नंतर काय वाटे ते मी कुणाला सांगितलं नाही.

गावाला मात्र सर पटत नव्हते. सकाळी कॉन्व्हेंटची पिवळी गाडी चौकात यायची, आणि त्या गाडीत बसणारी मुलं घरी जाऊन कविता धडाधड म्हणून दाखवायची. पाचवीतली मुलं घरी जाऊन प्रश्न विचारायची. “पोरगी मलेच म्हनते, बाबा, तुमी असं काहून समजता?” असं सांगत एक वडील तणतणत आले होते. सरांनी त्यांना विचारलं, “मंग तुमी काय सांगतलं?” ते आणखीच भडकून गेले. दिवाळीआधी दोन मुलं पिवळ्या गाडीत बसली. समितीत ठरू लागलं, की पाचवी सरांकडून काढून घ्यावी, त्यांना पहिली द्यावी आणि बाकं पुन्हा सरळ रांगेत लावावीत. सर हसत होते, पण सुट्टीत मैदानाला फेऱ्या घालताना दिसू लागले. एकदा थांबून त्यांनी मला विचारलं, “म्याडम, मी गडबड तर नाई करून राह्यलो ना?” मी “नाही हो सर” म्हणाले. पण ते इतक्या हळू, की ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले आणि मग पुढची फेरी घालायला निघून गेले.

अशात सहामाही परीक्षा आली. परीक्षेत आम्ही वर्ग बदलून लक्ष ठेवतो. गणिताच्या दिवशी पाचवी माझ्याकडे होती. बाकं रांगेत, तोंडं फळ्याकडे. अर्धा तास सगळं सुरळीत. मग सातवा प्रश्न आला. शेताच्या शंभर मीटर लांबीच्या सरळ बांधावर दर दहा मीटरवर एक खांब रोवायचा, तर किती खांब लागतील? बांधाला इथे धुरा म्हणतात. दुसऱ्या बाकावरचा मुलगा पेन खाली ठेवून मागे वळला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “अबे, कोपऱ्यातला खांब कोनाचा बे?”

उत्तर नव्हता तो विचारत. त्याच्या दृष्टीने प्रश्नच अर्धवट होता.

“आपलाच ना. अकरा लागतीन.”

“काहून? तिकून शेजाऱ्याचं कुंपन अगुदरच हाय. त्याचाच खांब धरायचा. दहा.”

“मंग इकून बी शेजारी असन. नऊ!”

तोपर्यंत बाकं वळली होती. मी “शांत बसा” म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी, कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, रोज चालत येणारी, हळूच म्हणाली, “पन बैलबंडी आत कोठून जाईन? फाटकाले एक खांब जास्त लागन. बारा.” सगळे तिच्याकडे वळले. मीही. माझ्या मनात केव्हाचं अकरा हे उत्तर तयार होतं, आणि फाटकाचा विचार मला सुचला नव्हता. त्यांच्यात आता काय ठरतं हे ऐकायला मी त्या बाकामागे जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं असतील, दहा असतील. काहीच ठरलं नाही. प्रत्येकाने आपापलंच उत्तर लिहिलं आणि बाकं सरळ केली.

खिडकीतून हे अध्यक्षांनी पाहिलं. कसल्याशा कागदावर सही करायला ते शाळेत आले होते. त्यांना दिसली ती एकमेकांत घुसलेली डोकी; मी उघड्या दाराच्या आड होते, दिसले नाही. आणि पेपर संपल्यावर ‘परीक्षा शांततेत पार पडली’ असं छापलेल्या कागदावर मी खाली सही करून टाकली.

चार दिवसांनी समिती बसली. अध्यक्ष, सहा सदस्य, मुख्याध्यापिका मॅडम, सर आणि मी. “पेपरात कॉपी! अन् हे या मास्तरचंच शिकवनं,” अध्यक्ष म्हणाले. मॅडमनी सातव्या प्रश्नाची पानं काढून एकेक वाचली: नऊ, बारा, अकरा, दहा, पुन्हा नऊ. अध्यक्षांचा चेहरा पडला. “म्हंजे कॉपी बी धड नाई केली?”

सरांना आता राहवलं नाही. “भाऊ, तुमच्या धुऱ्यावर कोपऱ्यातला खांब कोनाचा हाय?”

“माहाच! मी सोता रोवला.”

“तुमी रोवला, पन माह्या जागेत,” एक सदस्य म्हणाले. त्यांचं शेत अध्यक्षांच्या शेताला लागून होतं.

मग जे झालं ते मी भिंतीवरून महिनोन्महिने रोज ऐकत आले होते, फक्त आवाज जाड होते. खुर्च्या वळल्या. रानडुकरं कुठून शिरतात, फाटक कुठे असावं, शेजाऱ्याने उद्या खांब उपटला तर काय, सगळं निघालं. सदस्यांतल्या एका आजोबांनी खडू मागून फरशीवर शेत काढलं. सर त्यांच्यामधून आनंदाने येरझारा घालत होते, आणि क्षणभर मला वाटलं, जमलं.

पण अध्यक्ष भानावर आले. “ते सारं ठीक हाय मास्तर. पन परीक्षा ते परीक्षा. पोट्टे म्याडमच्या धाकात राह्यले नाई. नवीन पोरगी, बिचारी घाबरली असन. तिची काही चूक नाई. तुमचेच पोट्टे बिघडले, एवढंच लिवून टाका.” मॅडमनी ठरावाची वही उघडली. सगळ्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. मला वाचवायला कुणी इतकं एकमताने पुढे आल्याचं माझ्या आयुष्यात आधी घडलं नव्हतं, आणि त्यासाठी मला काहीच करायचं नव्हतं. फक्त नेहमीसारखं गप्प राहायचं होतं. सर फरशीवरच्या खडूच्या शेताकडे बघत उभे होते, अगदी स्थिर. तसे ते चांगले दिसत नव्हते.

पाचवी पुढे त्यांच्याकडेच राहिली. यंदा नेहमीच्या बदल्यांत ते मुकुटबनच्या बाजूला गेले. भिंतीपलीकडून आता पंख्याची करकर तेवढी येते, आणि माझ्या वर्गातली बाकं मी वळवली आहेत. पण माझ्या मुलांनी मला काही विचारलं की उत्तर चटकन तोंडातून निघून जातं. सरांसारखं ‘मले काय माहीत’ म्हणायला मला अजून जमत नाही. ते म्हणायला कदाचित त्यांच्याइतकं माहीत असावं लागतं. त्या दुपारी मात्र यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मॅडमचं पेन कागदाला टेकलं होतं, आणि मी उभी राहिले होते. आवाज निघायला वेळ लागला. निघाला तो मला अनोळखी वाटेल इतका मोठा होता.

“मी घाबरले नव्हते, भाऊ. मी तिथेच उभी होते. मी त्यांना थांबवलं नाही, कारण मला ऐकायचं होतं.”