इस्कंदरियाची सुट्टी

पंचावन्न साल असावं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एके दिवशी जेवता जेवता मालक म्हणाले, "औंदा सुट्टीला इस्कंदरियाला जाऊ. तू आन् मी." माझी तव्यावरची भाकरी करपली. सुट्टी शाळेतल्या पोरांना असते, कळंबच्या शेतकऱ्याला कसली आलीय सुट्टी? आणि मी तर लेण्याद्रीच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं.

मालक लढाईच्या काळात पलटणीत होते. तेव्हा रजेवर आठ दिवस ते त्या शहरात राहिले होते. इजिप्तात, समुद्राच्या काठावर. नकाशात त्याला अलेक्झांड्रिया म्हणतात. तिथली ट्राम, रस्त्यावर खुर्च्या टाकून कॉफी पिणारी माणसं, वाळूतल्या रंगीत छत्र्या, गाणी-बजावणी, हे ते इतक्यांदा सांगायचे की मला ते सगळं पाठ झालं. पुण्याहून पासपोर्टचा फॉर्म आला. मुंबईहून बोट, डेकचं तिकीट, एक ट्रंक. जावा म्हणाल्या, "आता बाई मडम होऊनच येणार, आमाला वळख तरी देशील का?" मी वरवर चिडायचे, पण आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू. एकच गोष्ट खटकायची. "तुमी समुद्रात उतरला व्हता का?" असं विचारलं की मालक उठून गोठ्यात जायचे. सुट्टीला निघालेल्या माणसाचा आनंद काही त्यांच्या तोंडावर दिसत नव्हता.

आमच्या शेजारी एक मावशी राहायची. मेंढरंवाल्यांचं घर. तिचा एकुलता एक मुलगा मालकांबरोबरच भरती झाला आणि तिकडंच गेला. पलटणीतल्या साहेबानं कारकुनाकडून मराठीत लिहवून घेतलेलं पत्र मालकांनीच आणलं होतं आणि तिला वाचून दाखवलं होतं: पोरगा रणात पडला. आमचं जाणं ठरल्याचं कळल्यावर ती दारात येऊन बसली. "मला बी न्या. माझं पोरगं पडलं ती जागा तेवढी बघते. तुमाला माझं वझं न्हाई व्हायचं."

मालक "बघू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मावशीनं प्रवासाची घोंगडी धुऊन वाळत घातली.

त्या दुपारी विहिरीवर मालकांनी मला सांगितलं. "तिथं लढाई न्हवती गं. आमी रजेवर व्हतो."

आमच्याकडं पोराला पोहायला शिकवायचं म्हणजे पाठीला वाळका भोपळा बांधायचा, चार दिवसांनी तो सोडायचा आणि मागून विहिरीत ढकलायचं. गटांगळ्या खातो आणि शिकतो. मालक असेच शिकले, माझे भाऊही. मावशीचा मुलगा मेंढरांमागं हिंडलेला, त्याला पाणी म्हणजे फक्त जनावरांना पाजायचं. समुद्राच्या कठड्यावर दोघांची थट्टा चालली होती. मालकांनी त्याला ढकललं. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं, समुद्राचं तसं नव्हतं.

"मग आता कशाला जायचंय तिथं?" मी विचारलं.

"एकदा तिथं उभं ऱ्हायाचंय. एकट्याची छाती व्हत न्हाई."

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. माझी हौस म्हणून गावभर डांगोरा पिटला, आणि त्या हौसेच्या आडून हे आपलं पाप बघायला निघाले होते. "मावशीला सांगा," मी म्हटलं.

"मरंल ती."

"आन् तिथं ती लढाईची जागा इचारत फिरंल तवा?"

मालक उठून घराकडं चालू लागले. पुढचे चार दिवस मी त्यांना वाढायचे, पण बोलायचे नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मावशी पत्र घेऊन आली. फडक्यात जपून ठेवलेलं. "तू चौथी शिकलीयास. ह्यात त्या गावाचं नाव आसंल, वाच. मी पाठ करते."

मालक ओटीवर ट्रंकेच्या कडीला तेल लावत होते. त्यांनी माझ्याकडं बघून 'नको' म्हणून मान हलवली. मला खोटं वाचता आलं असतं, कुणाला कळणार होतं? पण बोटीत बसून ती बाई दिवसभर आमच्या तोंडाकडं बघणार, मालकांना आशीर्वाद देणार, हे माझ्याच्यानं बघवलं नसतं. मी होतं तसं वाचलं. रजेवर असताना इस्कंदरिया इथं समुद्रात बुडून मृत्यू.

मावशीनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "पर त्यो पाण्यात कशाला जाईल? गुडघाभर वढ्याला भ्यायचा."

मी ओटीकडं बघितलं. ते सांगणं माझं काम नव्हतं.

"मी ढकलला, मावशी," मालक ओटीवरून म्हणाले. "चेष्टेत."

मावशी रडली नाही की तळतळाट दिला नाही. पत्राची घडी घालत राहिली, मोडत राहिली. मग तिनं विचारलं, "हाक मारली का त्यानं?"

"व्हय."

"कुणाला?"

मालकांची मान खालीच होती. "मला," ते म्हणाले.